मिलिंददादाचा लाल दिवा

साहेब, मिलिंददादाच्या फोटोवरचा तो हार आधी उतरवा.

सकाळी तुमची पोस्ट बघितली. "आमच्या कंपनी-कुटुंबातला हिरा." खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

कुटुंब म्हणे!

ह्याच हिऱ्याला तुम्ही सगळ्या ऑफिससमोर "निकम्मा" म्हणून घालवलं. आज हात जोडणारे सगळे तेव्हा तिथंच बसले होते.

मीपण.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. हार्ट अटॅक. वय एकोणचाळीस.

ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते.

आम्ही सिल्लोडच्या एका कोल्ड रूमची सिस्टिम केली होती. तिथं जनावरांच्या लसी ठेवायचे. तापमान चढलं की त्याची नोंद ब्लॉकचेन डेटाबेसमध्ये. एकदा पडलेली नोंद कुणाच्या बापाला खोडता येत नाही.

आणि नोंद पडली की त्याच क्षणी तिथल्या माणसाच्या स्क्रीनवर मेसेज. त्यासाठी वेबसॉकेट. म्हणजे फोन लावून चालूच ठेवायचा, काही झालं की पलीकडून लगेच सांगायचं.

दादा माझा सिनियर. म्हणायचा, "वैशे, ही लाइन मुकाट्यानं मरते. पलीकडचा गप्प बसलाय का गेलाय, कळतच नाय. मधूनमधून हाक मारावी लागते."

म्हणून त्यानं पिंग लिहिला. दर अर्ध्या मिनिटाला स्क्रीन सर्व्हरला विचारणार, "आहेस का?" उत्तर नाही आलं तर हिरवा दिवा लाल. लाइन परत जुळली की मधल्या सगळ्या नोंदी मागून घ्यायच्या.

ऑफिसातही त्याचं तेच. खुर्चीवरून ओरडायचा, "वैशे, आहेस का?"

मी म्हणायचे, "व्हय!" सुरुवातीला लई चिडायचे.

डेमोच्या दिवशी सिल्लोडचं नेट खेळ करत होतं. दिवा दोनदा लाल झाला. साहेबांचं तोंडपण.

"लाल बघून पार्टी बिथरते. काढून टाक ते."

दादा म्हणाला, "नाय काढणार. लाइन गेली तर गेली म्हणून दिसू द्या की."

मग साहेब माझ्या टेबलाशी आले.

मी काढला.

नोकरी लागून सहा महिने झाले होते. हे कारण नाही, नुसतं सांगतेय. आणि मी नुसता रंग नाही बदलला. अख्खा पिंगच बंद केला, कारण ते सोपं होतं. वर "तात्पुरतं" असं लिहून ठेवलं आणि विसरले.

थोड्याच दिवसांनी एका दुपारी सिल्लोडला लाइट गेली आणि आली. कूलिंगचं मशीन परत चालू झालंच नाही. राउटर चालू झाला, पण हाक मारायला पिंगच नव्हता, म्हणून आमची लाइन मेली ती मेलीच.

तापमान मोजणाऱ्या सेन्सरला वेगळं सिम होतं, त्याचं नेट चालू होतं. डेटाबेसमध्ये नोंदीवर नोंद पडत होती. स्क्रीनवर एक मेसेज नाही. हिरवा दिवा. तिथला माणूस बिचारा निवांत बसला.

सगळ्या लसी फेकाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मिलिंदचं काम हे. लाल दिवा ठेवायची अक्कल नाही ह्या निकम्म्याला."

दादानं कोड उघडून बघितला होता. बदल कुणी केला, ते नाव तिथं असतंच.

त्यानं माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाला, "वैशे, आहेस का?"

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

त्यानं माझं नाव घेतलं नाही. बॅग उचलली आणि गेला. नंतर तो वारेपर्यंत मी त्याला एक फोनसुद्धा केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

आज बजाजनगरला त्याच्या घरी गेले होते. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. वाळूजच्या कारखान्यात जन्म गेला त्यांचा.

"माय, तुझे साहेब म्हणले, मिलिंदनं लाल दिवाच ठेवला नव्हता. मी जिंदगीभर मशीनवर होतो. लाल दिव्याला हात लावायचा नाय, हे ह्या घरात लहान लेकरालाबी माहीत हाय. त्यानं असं केलं व्हय?"

"नाही काका. मी काढला. साहेबांनी सांगितलं आणि मी काढला."

वाटलं, मारतील. मारायला पाहिजे होतं.

"आत त्याची माय बसलीय," ते म्हणाले. "वरीसभर लोकं तिला हेच विचारायलेत. तिला सांग जा."

गेले. सांगितलं. काय झालं ते इथं लिहिणार नाही.

आता तुम्हा सगळ्यांना सांगतेय. साहेब, उद्या मला काढायचं तर खुशाल काढा. कोडमध्ये माझं नाव आहे, आणि मला कुणी सांगितलं ते आता इथं आहे.

दादा, तू विचारलं होतंस. लई उशिरा उत्तर देतेय.

व्हय. आहे मी.

विनम्र आदरांजली. माझ्या एकटीकडून.