उकळत्या पाण्याचे अठ्ठेचाळीस डिग्री

“मीटर साडेपाचशेच्या वर गेलंच न्हाई. मग इंजिन तापलं कसं म्हणायलात तुम्ही?” मल्लू मला विचारत होता.

त्याच्या गाडीचा टर्बो माझ्यासमोर टेबलावर उघडा पडला होता. आतल्या पंख्याची पाती कडेनं झडली होती. एका पात्याला तडा होता. पण मल्लूचा विश्वास मीटरवर. पात्यांकडे बघायची तसदी त्यानं घेतली नव्हती.

बीदरच्या कोळार इंडस्ट्रियल एरियात माझं डिझेल गाड्यांचं वर्कशॉप आहे. त्याआधी बावीस वर्षं मी एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. भट्ट्यांचं तापमान मोजणारी मीटरं बसवायची आणि ती खरं दाखवतात का ते तपासायचं, हेच काम. त्यामुळे मीटर बघितलं की मला आधी त्याची तार बघायची सवय आहे.

मल्लू खटकचिंचोळीचा. तिशीतला गडी. गाडी मात्र त्याच्या आईच्या नावावर. शांताक्कांचं गावात बी-बियाणांचं दुकान आहे आणि ते त्या एकट्या चालवतात. मल्लूचे वडील, अप्पा, आजारी. लघवीची पिशवी लावलेली. पंधरा दिवसांनी एकदा त्यांना हैदराबादला डॉक्टरकडे न्यावं लागतं. मागच्या खेपेला परत येताना हायवेवर गाडीचा दम गेला आणि टो करणारी गाडी येईपर्यंत अप्पा तीन तास रस्त्याच्या कडेला उन्हात बसले. म्हणून या वेळी शांताक्का स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या होत्या.

“सोमवारी पुन्हा जायचंय, अण्णा,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, ही गाडी कामून बसली?”

कारण मला ठाऊक होतं. मल्लूनं गाडी ‘रिमॅप’ करून घेतली होती. म्हणजे इंजिनात डिझेल किती सोडायचं, हवा किती दाबायची, हे ठरवणारा कंपनीचा प्रोग्राम लॅपटॉप लावून बदलायचा. डिझेल जास्त, जाळ जास्त, ताकद जास्त. टर्बो हा त्याच जाळाच्या झोतावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. जाळ मर्यादेबाहेर गेला की आधी टर्बो जातो, मग पिस्टन. ही मर्यादा कळावी म्हणून एक्झॉस्ट टेम्परेचरचं मीटर लावतात. मल्लूच्या गाडीत ते होतं. डॅशबोर्डवर, निळ्या लाइटचं, गोल. रिमॅप करणाऱ्या ट्यूनरनंच बसवून दिलेलं.

मल्लूनं ट्यूनरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“सर, माझ्या मॅपमध्ये प्रॉब्लेम नाही,” तिकडून आवाज आला. “मीटर आहे ना, रीडिंग बघा. टर्बो कुणी बसवला होता?”

टर्बो आठ महिन्यांपूर्वी मीच बसवला होता. शांताक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मला ते लागलं.

“त्यांना उद्या इथं यायला सांग,” मी मल्लूला म्हणालो.

ट्यूनर आला. टी-शर्टावर पेटत्या टर्बोचं चित्र, हातात लॅपटॉपची बॅग. मला ‘सर’, शांताक्कांना ‘मॅडम’. बॉनेट उघडेपर्यंत त्यानं मला तीन वेळा सांगितलं की त्यानं शेकडो गाड्या केल्या आहेत. शेकडो गाड्यांचं पुढं काय झालं ते काही सांगितलं नाही.

मी त्याच्या मीटरची तार धरून मागं मागं गेलो. या मीटरच्या टोकाला थर्मोकपल असतं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या; टोक तापलं की त्यांत बारीकसं व्होल्टेज तयार होतं आणि त्यावरून मीटर डिग्री सांगतं. हे टोक टर्बोच्या आधी पाहिजे, मॅनिफोल्डमध्ये. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा जाळ गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा तुकडा. यानं ते टर्बोच्या पुढे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात बसवलं होतं. तिथं पोचेपर्यंत जाळाची ताकद टर्बो फिरवण्यात खर्च झालेली असते. चढावर शंभर-दीडशे डिग्रीचा फरक सहज पडतो.

“इथं कामून बसवलं?”

“सेफ पोझिशन आहे, सर. मॅनिफोल्डला भोक पाडायची रिस्क नको.”

रिस्क नव्हे, कष्ट नकोत. पाइपाला भोक अर्ध्या तासात पडतं.

पुढं अजून मौज होती. थर्मोकपलची तार हातभर पुरली नव्हती, म्हणून त्यानं तिला लाल-काळी साधी वायर जोडली होती. गाडीच्या स्पीकरला लावतात तीच. जोड टेपनं गुंडाळून इंजिनाला खेटून सोडलेला. मी हसलो.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“ही तांब्याची वायर आहे. थर्मोकपलला त्याच जातीची तार मीटरपर्यंत लागते. नाहीतर हा जोड जेवढा तापेल तेवढं मीटर कमी दाखवणार.”

“सर, असं काही नसतं. वायर इज वायर.” तो शांताक्कांकडे वळला. “मॅडम, मी प्रूफ देतो.”

त्यानं पाइपातलं टोक काढलं, माझ्या चहाच्या किटलीत पाणी उकळायला लावलं आणि टोक त्यात सोडलं. मीटर अठ्ठ्याण्णववर जाऊन थांबलं. बीदर पठारावर आहे. इथं पाणी साधारण तेवढ्यालाच उकळतं. मीटर अगदी बरोबर होतं.

“बघा,” तो म्हणाला. मल्लूचा चेहरा उजळला. शांताक्कांनी पदर सारखा केला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. चूक मला ठाऊक होती, पण ती त्यांना दिसत नव्हती.

मग लक्षात आलं. इंजिन बंद होतं. जोड गार होता. गार जोडाला हे मीटर खरंच बोलणार.

“टोक पाण्यातच राहू द्या,” मी म्हणालो. हीट गन घेतली, म्हणजे गरम हवा मारणारं यंत्र, आणि त्याच्या टेपवाल्या जोडावर धरली. चालत्या गाडीत बॉनेटखाली जेवढं तापतं तेवढंच. काटा हलला. नव्वद. ऐंशी. साठ. किटली खळखळत होती, वाफ छताला लागत होती आणि मीटर खाली उतरत होतं. अठ्ठेचाळीसवर मी गन बंद केली.

शांताक्का पुढं आल्या. आधी किटलीत बघितलं, मग मीटरकडे.

“पाणी उकळायलंय आन् हे अठ्ठेचाळीस म्हणायलंय,” त्या ट्यूनरला म्हणाल्या. “व्हय ना? मग घाला की हात.”

ट्यूनर म्हणाला, कदाचित लूज कनेक्शन असेल.

शांताक्का माझ्याकडे वळल्या. “अण्णा, तुम्ही बसवा,” एवढंच मला म्हणाल्या.

मल्लूला घाई. मॅनिफोल्ड न काढताच भोक पाडा म्हणून तो मागं लागला. मी नकार दिला. पाडताना बिडाचा चुरा आत पडतो आणि इंजिन चालू झालं की तोच चुरा नव्या टर्बोच्या पात्यांवर बसतो. मॅनिफोल्ड उतरवताना एक स्टड, म्हणजे तो कसणारा बोल्ट, मोडला. तो काढण्यात माझी दुपार गेली. मग ड्रिल, आटे, चुरा पुसणं, थर्मोकपल आणि त्याच जातीची तार थेट मीटरपर्यंत, मधे एकही जोड नाही. मीटर मुद्दाम त्याचंच ठेवलं. माझं मीटर लावलं असतं तर त्यानं मीटरला नावं ठेवली असती. जुना टर्बो टाकून नवा चढवला. शनिवारी सकाळी गाडी तयार झाली.

चाचणीला ट्यूनरही आला. येणं त्याला भाग होतं. मल्लू चालवत होता, ट्यूनर शेजारी, मी आणि शांताक्का मागं. भालकीकडून बीदरला येताना पठाराचा चढ लागतो. तिथं मी मल्लूला म्हणालो, “आता नेहमीसारखी दाब.”

साडेसहाशे. सातशे. सातशे साठ. अशा इंजिनाला साडेसातशेच्या वर फार वेळ ठेवायचं नसतं. आठशे दहा झाले.

“पाय काढ,” मी म्हणालो. मल्लूचा पाय आधीच निघाला होता.

“पीकला एवढं चालतं, सर,” ट्यूनर म्हणाला.

“अप्पाला घेऊन मी दर पंधरा दिवसाला असाच हाणायलो व्हतो,” मल्लू म्हणाला. हे तो कुणाला म्हणाला ते कळलं नाही. गाडी त्यानं बाजूला घेतली.

“पहिलं व्हतं तसं करून द्या,” शांताक्का ट्यूनरला म्हणाल्या.

तिथंच रस्त्याच्या कडेला त्यानं लॅपटॉप काढला आणि कंपनीचा प्रोग्राम परत घातला. शेकडो गाड्यांबद्दल या वेळी काही बोलला नाही. तोच चढ पुन्हा चढलो. मीटर सहाशे चाळीसच्या पुढं गेलं नाही.

सोमवारी अप्पा हैदराबादला जाऊन आले. रात्रीच्या जेवणाला घरी होते, असं शांताक्कांनी फोन करून सांगितलं. मल्लूची तक्रार आहे की गाडीत पहिल्यासारखा जीव राहिला न्हाई. टर्बोचा जीव त्यामुळेच वाचलाय, हे मी त्याला समजावत बसलो नाही.

महिन्याभरानं ट्यूनरचा फोन आला. “सर, ती स्पेशल तार कुठं मिळते?” मी दुकान सांगितलं. मग त्यानं विचारलं, पाइपातच बसवून ही तार लावली तर चालेल का, मॅनिफोल्ड काढायला फार वेळ जातो.

मीटर बसवून घेणाऱ्यांना मी हल्ली एकच प्रश्न विचारतो: आकडा वाईट आला तर काय करणार? उत्तर ‘गाडी सावकाश चालवू’ असेल तर मी ड्रिल काढतो. लाइटचा रंग कोणता मिळेल असं विचारणाऱ्याला घड्याळाच्या दुकानात पाठवतो.