लकडगंजातले अंतराळवीर

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा घड्याळात नऊ वाजले होते आणि ऊन मात्र भर दुपारचं होतं. मे महिन्यात नागपूरला कोणी शहाणं माणूस जात नाही, हे निघण्यापूर्वी निदान सहा जणांनी मला ऐकवलं होतं. पण आम्हा शिक्षकांना सुटी मिळते ती मे महिन्यातच, आणि माझं काम थांबण्यासारखं नव्हतं.

काम आधी सांगते. माझा धाकटा भाऊ माधव जहाजावर नोकरीला होता. तिकडून येताना त्याने एक खेळ आणला. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. कोण कुठे उभं आहे ते कळावं म्हणून चौकटींच्या कागदावर बोटाएवढ्या बाहुल्या मांडायच्या. राजे, राक्षस, तलवारवाले त्याने शिशाचे आणले होते. मग त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. नोकरी सुटली, आणि दोन वर्षांत समोरचं माणूस दिसेनासं झालं. दर रविवारी खेळायला येणारे मित्र तेवढे टिकले. त्यांना घेऊन माधव बाहुल्या चाचपत गोष्ट चालवायचा. पण गोष्ट आता राजवाड्यातून निघून अंतराळात पोचली होती, आणि अंतराळवीर, यंत्रमानव, पोलीस, डॉक्टरीणबाई कुठे मिळेनात. पुण्या-मुंबईत मिळाले ते प्लॅस्टिकचे हिरवे शिपाई, बोटांना सगळे सारखे. मागच्या रविवारी माधव दोनदा चुकला. सगळे गेल्यावर म्हणाला, "ताई, आता बंद करू हे." आमच्या घरात त्याचा आवाज ऐकू यायचा तो रविवारीच. म्हणून मी गाडीत बसले.

नागपूरचं नाव शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सुचवलं होतं. तिथल्या सीताबर्डीवर चंद्रावरची माणसं विकणारं दुकान आहे आणि लकडगंजात वाट्टेल ते कोरून देणारा एक कारागीर आहे, असं त्या म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही. पंधरा वर्षं परीक्षेत मुलांच्या कॉप्या पकडल्या आहेत मी, माझा कुणावरच पटकन बसत नाही. गाडीत शेजारच्या काकूंनी डब्यातला लाडू दिला, तो मी रुमालात बांधून ठेवला आणि त्या उतरल्यावर खाल्ला. चांगला होता.

सायकलरिक्षावाल्याला मी तीनदा विचारलं की हा रस्ता लांबचा तर नाही. चौथ्या वेळी त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पायडल मारायला लागला. बर्डीवर (सीताबर्डीचं पूर्ण नाव इथे कोणी घेत नाही) ते दुकान मात्र खरंच निघालं. मालकाने मोठ्या ऐटीत चंद्रावरचा माणूस काढून काचेवर ठेवला. चांदीच्या रंगातला शिपाईच तो. मी नखाने खरवडलं तर खालून हिरवा निघाला. तसं दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "चंद्रावर रंग उडतेच, मॅडम." मी तिथून तडक बाहेर पडले. जवळच्या ठेल्यावर तर्री-पोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि राग थोडा उतरला.

लकडगंजात शिरलं की आधी आरा मशीनचा आवाज कानात बसतो आणि मग नाकात भुसा. त्या कारागिराचं, देवरावजींचं, दुकान म्हणजे रस्त्याला उघडी एक खोली होती. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी बैल, बिनरंगाचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा असतो. तेव्हा लहान मुलं चाकावरचे लाकडी नंदी दोरीने ओढत मिरवतात. त्या नंदींचे हे कारागीर. साठीचे, किडकिडीत, कानावर पेन्सिल. मी यादी वाचून दाखवली: दोन अंतराळवीर, यंत्रमानव, पोलीस, डॉक्टरीण, ड्रायव्हर, चोर आणि परग्रहावरचा एक तीन पायांचा प्राणी. देवरावजी हसले नाहीत, हेच मला विचित्र वाटलं. कागदावर दोन-तीन रेघा मारून त्यांनी विचारलं, "हे खेळते कोण?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना काय करायचंय? भावाला दिसत नाही असं सांगावं तर हे कीव करतील, नाहीतर अडल्या माणसाला पाहून अव्वाच्या सव्वा भाव लावतील. आणि खरं म्हणजे ते वाक्य मी कुणापाशीच बोलत नसे. नातेवाइकांनासुद्धा "चष्म्याचा नंबर वाढलाय" एवढंच सांगून मी विषय बदलत असे.

"शाळेतली मुलं," मी म्हणाले. लहान का मोठी, असं त्यांनी विचारलं. मी लहान म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि परवा सकाळी अकराला यायला सांगितलं. आगाऊ एक पैसाही मागितला नाही. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली की यात काहीतरी काळंबेरं आहे.

दुसरा दिवस मी लॉजच्या खोलीत काढायला हवा होता. पण देवरावजीही बाजारातल्या हिरव्या शिपायांनाच रंग फासत बसले असतील तर? दुपारी भर उन्हात, डोक्यावर ओला पंचा घेऊन, मी लकडगंजात पाळत ठेवायला गेले. दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. फटीतून डोकावत असताना मागून देवरावजींच्या बायकोने हाक मारली, "काहून बाई, उन्हात काहून उभ्या हा? चला अंदर." तिने कैरीचं पन्हं दिलं. मी आधी वास घेऊन पाहिला, तेही तिला दिसलंच. पेला रिकामा झाल्यावर तिने तो पुन्हा भरला. आतून पटाशीने लाकूड तासल्याचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी अकराला देवरावजींनी फडकं बाजूला केलं. आठही जण एका रांगेत उभे, सागवानाचे, देखणे रंगवलेले. पोलीस खाकी, डॉक्टरीण पांढरी, चोर काळा, प्राणी जांभळा. आणि प्रत्येकाच्या पायाखाली चार चाकं! मी डोळे मिटून एकेक मुठीत धरला. सगळे गोल, गुळगुळीत, एका मापाचे. पोलीस कोणता आणि चोर कोणता, काही म्हणता काही कळेना. संध्याकाळी सहाची माझी गाडी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही फसवणूक आहे, सगळे एकाच साच्यातले, नुसता रंग बदललाय, असं मी रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

देवरावजींचा चेहरा उतरला. "तुम्ही लहान पोरायसाठी म्हटलं ना. लहान पोरायच्या हातात आम्ही टोक नाही देत, टोचते त्यायले. नंदीचे शिंगंबी गोल करतो. आन् पोरगं ओढल्याबिगर ऱ्हाते का? म्हणून चाकं."

मी स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मुलं नाहीत. माझा भाऊ खेळतो. त्याला दिसत नाही."

"मंग पहिलेच काहून नाही सांगतलं?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. "अवं, चहा ठेव," असं बायकोला सांगून त्यांनी आठही चाकगाडे करवतीने उडवले.

पुढचे पाच तास मी डोळे मिटून बसले होते. "पाहू नका, हातानं सांगा," असा त्यांचा हुकूम होता. अनोळखी शहरात, अनोळखी दुकानात डोळे मिटायचे! पहिला तास माझा एक हात मांडीवरच्या पर्सवर होता. पण एका हाताने यंत्रमानव आणि ड्रायव्हर वेगळे कळेनात. मग मी पर्स त्यांच्या बायकोकडे दिली. यंत्रमानवाचं डोकं चौकोनी तासलं, वर खिळ्याचा तुकडा ठोकला. अंतराळवीरांच्या पाठीवर हवेची टाकी आली, डॉक्टरणीच्या मानेवर अंबाडा. चोर कमरेत वाकला. मी चुकले की ते बाहुली परत घ्यायचे आणि पटाशी चालायची. प्राण्याचे पाय सुटे कोरताना शेवटी एक तुटला, तो दोन पायांचाच राहिला. रंगाची सालं निघून आठही जण भिकाऱ्यासारखे दिसत होते. निघताना मी पैसे चुकते केले आणि माफी मागितली. देवरावजी म्हणाले, "भावाले सांगजा, चोराची पाठ थोडी खडबडीत राह्यली." मी धावतपळत गाडी गाठली.

पुण्याला पोचल्यावर पिशवी टेबलावर ठेवली आणि माधवला बोलावलं. त्याने एकेक हातात घेतला. "यंत्रमानव. हा पोलीस, टोपीवाला. ही डॉक्टरीण, अंबाडा आहे की." आठांपैकी आठ. देवरावजींशी झालेलं बोलणं तेवढं वगळून मी त्याला सगळा प्रवास सांगितला. रुमालातला लाडू, बर्डीचा चंद्र, हुंगलेलं पन्हं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की नागपुरात मी सगळ्यांवर संशय घेतला, आणि तो दुकानदार सोडला तर खोटं बोलले होते मी एकटीच.

चोराच्या पाठीवर माधवचं बोट थांबलं. "बोटांना कळेल असंच हवं, हे त्यांना कसं समजलं?"

"मी सांगितलं. तुला दिसत नाही म्हणून."

"असंच सांगितलंस? नंबर वाढलाय असं नाही?"

"नाही."

"मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."

"वाटत होती," मी म्हणाले.

माधवने चोर टेबलावरच्या चौकटींच्या कागदावर ठेवला, पोलिसापासून दोन चौकटी लांब, आणि रविवारी कोणकोण येणार आहे ते मला विचारलं.