उजवीकडं सरलेली खाच

परवा शाळेचे नवे क्रीडाशिक्षक घरी आले होते. ह्यांची छर्ऱ्याची रायफल शाळेला देते, असा निरोप मीच धाडला होता. आमचे हे निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत क्रीडाशिक्षक होते, लातुरातल्या कितीतरी पोरापोरींना ह्यांनी नेम धरायला शिकवलं. हे जाऊन आता वर्ष होत आलं. रायफल कपाटावर गंजत पडण्यापेक्षा पोरांच्या हातात गेलेली बरी, म्हणून मी मन घट्ट केलं होतं.

सरांनी गच्चीवर जाऊन चार छर्रे मारले आणि तोंड वाकडं करून खाली आले. "काकू, हिचा झिरो, म्हंजे नेमाची जुळणी, पार बिघडलाय. लई उजवीकडं मारायली हाय. द्या, मी बसवतो, पाच मिनिटांचं काम."

माझं डोकंच फिरलं. "बिघडलेला न्हाई, बसवलेला हाय!" मी म्हटलं. "तुम्ही हात लावू नका." बिचारे सर अर्धा चहा टाकून गेले. त्यांचा काय दोष? पण मी अशीच आहे, फटकळ, आणि रडू येत असलं की जास्तच.

निवृत्तीनंतर ह्यांची सकाळ ठरलेली असायची. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायचं, समोर कठड्याला टेकवलेल्या वाळूच्या पोत्यावर कागद लावायचा आणि दहाबारा छर्रे मारायचे. सगळे मधल्या काळ्या टिकलीत, जणू एकच भोक. मग तो कागद मला दाखवायला थेट स्वयंपाकघरात. मी म्हणायची, "ठेवा तिथं, माझी भाकरी करपायली." पण बघायची मी, गुपचूप.

मग एकाएकी छर्रे डावीकडं जायला लागले. ह्यांनी आधी छर्ऱ्यांना शिव्या घातल्या, नवी डबी आणली. दस्त्याचे स्क्रू आवळले, नळी पुसली, स्प्रिंग बदलून आणली. वाऱ्याला बोल लावून झाला. शेवटी माझी पाळी, मी म्हणे झाडताना रायफल पाडली! "अहो, तुमच्या त्या सवतीला मी हात तरी लावते का?" मी म्हटलं. हे हसले, पण उगं हसायचं म्हणून.

खरं तर नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, गेलेलं परत येणार नाही, आहे ते इंजेक्शनं देऊन टिकवायचं बघू. येताना एसटीत हे खिडकीबाहेर बघत होते. लोह्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "डॉक्टर नवाच दिसतो."

चाकूरजवळच्या आमच्या शेतात हे अधूनमधून लांबचा नेम बसवायचे. लांब जाताना छर्रा खाली येतो, म्हणून रायफलीवरची मागची खाच, जिच्यातून बघून नेम धरायचा ती, थोडी वर घ्यायची, गच्चीवर आलं की पुन्हा खाली. लग्न झाल्यावर ह्यांनी मला हे सगळं शिकवलं होतं, मीही बरी मारते. अशाच एका रविवारी शेतात मी बघितलं. गच्चीवर दोन बोटं डावीकडं जाणारा छर्रा दुप्पट अंतरावर चार बोटं गेला, आणि सगळे एकाच जागी. वाऱ्यानं किंवा खराब छर्ऱ्यानं ते विखुरले असते. हे विहिरीवर गेले तेव्हा मी दोन मारून बघितले. नेमके मधात. मी बांधावरच खाली बसले. मधलं दिसत नव्हतं, म्हणून हे मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं नेम धरत होते. रायफल चांगली होती.

घरी आल्यावर हे आंघोळीला गेले आणि मी खाचेचा स्क्रू फिरवला. खाच उजवीकडं सरकवली की छर्राही उजवीकडं जातो. दुसऱ्या दिवशी हे कागद घेऊन धावत खाली आले. "बघ! स्प्रिंगच होती!" मी म्हटलं, "मग? उगं माझ्यावर ढकलत होता." किती खूश होते हो! पुढं डोळा आणखी अधू झाला की छर्रे पुन्हा डावीकडं सरकायचे आणि मी तो स्क्रू पुन्हा एक खटका फिरवायची.

एका सकाळी हे म्हणाले, "आज तू मार." सरळ धरलं तर छर्रा उजवीकडं जाणार आणि ह्यांना सगळं कळणार. मी टिकलीच्या डावीकडं धरून मारला. मधात लागला. "बघा, हाय का काही दोष?" मी तोऱ्यात म्हटलं.

हे कागदापाशी गेले, भोक बोटानं चाचपलं. मग माझ्या हातातून रायफल घेतली आणि खाचेवरून अंगठा फिरवला. "खाच कडेला गेली हाय," हे म्हणाले, "अन् तुझा छर्रा मधात. म्हंजे तू डावीकडं धरलं."

मला मान वर करवेना. आता रायफल फेकून देतात की काय, असं वाटलं.

"रोज तेल लावतो न्हवं मी हिला. पहिल्याच दिवशी हाताला लागलं होतं." मग रायफल माझ्या हातात परत दिली. "परवापासून पुन्हा डावीकडं जायली हाय. अजून एक खटका फिरव."

त्यानंतर लपवायचं काही उरलं नाही. हे सांगायचे, मी फिरवायची. शेवटचा खटका संक्रांतीच्या सुमारास फिरवला. त्याच महिन्यात छातीत कळ आली आणि हे गेले.

आज सरांना फोन केला, माफी मागितली. म्हटलं, उद्या घेऊन जा, झिरो मी बसवून ठेवते. मग गच्चीवर गेले आणि एकेक खटका मागं फिरवत आणला. ह्यांच्यासाठी फिरवलेला एकेक. खाच मधल्या रेघेवर आली तेव्हा टाकीपाशी उभी राहिले, सरळ टिकलीवर धरलं आणि मारला.

नेमका मधात लागला. कागद काढला आणि ह्यांच्यासारखीच घाईघाईनं जिना उतरून स्वयंपाकघरात आले. तिथं कुणी नव्हतं. मी कागद ओट्यावर ठेवला आणि पोटभर रडले.