हणजूणचा मांडो

दोन हजार पाचच्या सुमारास परदेशात, क्वीन्सटाउनला, आमच्या शेजारी गोव्यातल्या हणजूणचे एक अंकल राहत. हिप्पींच्या काळात ते त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर व्हायोलिन वाजवत.

"सगळे गांजाचं विचारतात, गाण्याचं कोणी विचारीत नाही," असं म्हणून ते चष्मा पुसत बसायचे.

एकदा पुण्याहून आलेल्या माझ्या बाबांनी त्यांना विचारलं, "तुम्ही त्या लोकांना काय शिकवलंत?"

अंकल गडबडले. मग घरातून व्हायोलिन आणून मांडो, म्हणजे गोव्याचं संथ प्रेमगीत, वाजवू लागले. मध्येच थांबले.

"पुढचं विसरलो."

"मग पहिल्यापासून घ्या," बाबा टेबलावर ठेका धरत म्हणाले.

तिसऱ्या खेपेला बोटं आपसूक पुढे गेली. अंकलचे डोळे वाहत होते, पण ते पुसायला त्यांनी हात थांबवला नाही.