मठपती सरांच्या वहीतलं शून्य

गुरुपाद मठपती सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत होते. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या मागे दोन खोल्यांत आमचं कम्युनिटी कॉलेज भरायचं. बारावीनंतर ज्यांना सरळ पदवीला जाणं जमलं नाही, अशांसाठी तिथे न्यायसाहाय्याची दोन वर्षांची पदविका होती. मी हातकणंगल्याहून अर्ज घेऊन आले होते. सरांनी अर्ज वाचलासुद्धा नाही.

"अक्का, दिवसभर गप बसाय येतंय का?" त्यांनी विचारलं.

म्हातारबुवा चेष्टा करताहेत असं मला वाटलं. मी म्हटलं, "येतंय की."

"मग सोमवारपासनं ये." माझी प्रवेशपरीक्षा एवढीच झाली.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीनं माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा "चांगलं चांगलं लिहा" अशी प्रेमळ सूचनाही केली. चांगलं लिहायला सरांच्या बाबतीत तोटा नाही. पण सरांचा गौरव करायचा आणि वैशालीचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. सरांनाही ते चाललं नसतं. ते का, हे पुढे येईलच.

सर न्यायालयात शिरस्तेदार होते. खटल्यांचे कागद जपण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते आम्हाला शिकवायला आले आणि येताना कोर्टाची शिस्त बरोबर घेऊन आले. त्यांची पद्धत अशी, की प्रत्येक विद्यार्थ्याला एक चालू खटला नेमून द्यायचा. त्या खटल्याच्या प्रत्येक तारखेला सकाळी जाऊन मागच्या बाकावर बसायचं, शेवटपर्यंत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवायचं. "वकील काय बोललं ते वकिलाला म्हाईत हाय," सर म्हणायचे. "कोण आलतं आन् कसं माघारी गेलं, ते तुमी बघा." मग ते स्वतःच्या हातानं वहीत आमचे तास मांडत. सुनावणी झाली तर तेवढे तास, आणि नुसती पुढची तारीख पडली तर शून्य. काम झालं नाही तर नोंद नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. त्यावर आम्ही हसायचो. दिवसभर बसून शून्य घेऊन घरी जायचं, याची आमच्यात थट्टाच चालायची.

सर नुसते शिस्तीचे होते असं मात्र कुणी समजू नये. मला नेमून दिलेल्या खटल्यात आरोपीची आई दर तारखेला गावाकडून यायची. लेकाला लांबून बघायची आणि तारीख पडली की भिंतीला टेकून बसून राहायची. एकदा सर तिच्याजवळ बसले, डबा उघडला, भाकरीचे दोन भाग केले आणि एक तिच्या हातावर ठेवला. ती नको नको म्हणत होती. "खावा. उपाशी पोटी तारीख पचत न्हाई," सर म्हणाले. पुढे सरांचा डबा दोन माणसांचा येऊ लागला. त्यांच्या पत्नी आजारी होत्या आणि भाकऱ्या सर स्वतःच थापत, हे आम्हाला त्या गेल्यावर कळलं. आपल्या घरातलं दुःख त्यांनी वर्गात कधी आणलं नाही.

वैशाली चौगुले माझ्या बाकावरची. ती जयसिंगपूरची. गाडीत ती आधी चढायची आणि हातकणंगल्याला माझ्यासाठी जागा धरून ठेवायची. तिला तुरुंगाधिकारी व्हायचं होतं. मला काय व्हायचं होतं ते मलाच धड माहीत नव्हतं, तिला मात्र तिचं पक्कं माहीत होतं. तुरुंगाधिकाऱ्याच्या परीक्षेला पदवी लागते. कोल्हापुराबाहेरच्या एका विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि फौजदारी न्याय या विषयाची पदवी होती आणि आमच्या पदविकेवर थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत होता. म्हणजे आणखी एकच वर्ष. वैशालीच्या थोरल्या भावानं तिचं लग्न त्या एका वर्षापुरतं थांबवायचं कबूल केलं होतं. "एक वरीस, वर एक दिस न्हाई," असं तो म्हणाला होता आणि तो शब्दाचा पक्का होता.

आमच्याआधी पदविकेवरून विद्यापीठात कुणी थेट वरच्या वर्षाला गेलं नव्हतं. सगळे कुठे वकिलांकडे, कुठे सुरक्षारक्षकांच्या नोकरीत लागले. त्यामुळे सरांच्या वहीतले तास कधी कुणी तपासलेच नव्हते. विद्यापीठाच्या खिडकीत ते पहिल्यांदा तपासले गेले. न्यायालयात बसण्याचे जेवढे तास हवे होते, त्याच्या निम्मेसुद्धा आमच्या दाखल्यावर नव्हते. खिडकीतले कारकून सज्जन होते. आमच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाले, "अहो, तास वाढवून नवा दाखला आणा. आम्ही काय कोर्टात बघायला येणार आहोत?" नाहीतर मग पहिल्या वर्षापासून सुरुवात, म्हणजे तीन वर्षं.

आम्ही परत आलो ते सरळ सरांच्या वर्गात. प्राचार्य दाखला द्यायला तयार होते, फक्त वहीवर दुरुस्ती करून सरांची सही हवी होती. सरांनी वही पुढे ओढली. पानं उलटली. सगळीकडे शून्यंच.

"सर, आमी बसलतो की वो!" वैशाली म्हणाली. "सकाळधरनं पाच वाजंपत्तोर बसलतो."

"बसलता, व्हय. पर काम चाललं न्हवतं. एकदा लिवल्याला रोजनामा मी जन्मात कधी बदलला न्हाई, अक्का. आज बदलला तर ते खोटं हुईल."

"आन् आमचं आयुष्य बदलतंय ते?"

 सरांनी वही मिटली. मी त्या वेळी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले, ते या ग्रंथात शोभणार नाही.

पुढच्या रविवारी सर आमच्या घरी हातकणंगल्याला आले. माझ्या वडिलांसमोर हात जोडून म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. माझ्या नियमानं तिची दोन वर्षं गेली. तेवढी तिला परत द्या." वडिलांनी दिली. त्याच दिवशी ते जयसिंगपूरलाही गेले. तिथे भावानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. वैशाली आत होती, बाहेर आली नाही. त्याच वर्षी तिचं लग्न झालं.

मी पहिल्या वर्षापासून शिकले. त्यातलं निम्मंअधिक मला आधीच येत होतं. मागच्या बाकावर बसून माणसं बघायची सवय सरांनी लावली होती, तिच्यावरच मी तीन वर्षं तरले. आज शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसांना काम मिळवून देणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करते आणि ती बरी करते असं लोक म्हणतात. याचं श्रेय सरांचं आहे. तरीही कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, मी उचलायची नाही, आणि ते पुढच्या दिवाळीला पुन्हा करायचे. शेवटी मीच वरमले.

आता ते कॉलेज बंद आहे. मुलंच येईनाशी झाली. खोल्यांना कुलूप आहे. सरांची नजर अधू झाली आहे, गुडघे साथ देत नाहीत, घरात ते एकटे असतात. अशात गेल्या वर्षी बांधाच्या वादात चुलतभावानं त्यांच्यावर दावा लावला आणि ज्या कोर्टात जन्म गेला, तिथेच सर पक्षकार म्हणून मागच्या बाकावर बसले. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अक्का, सकाळी दहाला जाऊन बसलो. पाचला तारीख पडली. घरी आलो आन् भाताला हात लागंना. दिवस तर गेलाच की माझा. मग तुमच्या दिवसाला मी शून्य कसं लिवलं? बदललं तर खोटं हुईल म्हणत हुतो. ते पयल्यापासनंच खोटं हुतं."

मी म्हटलं, "सर, जाऊ द्या आता."

"तुजं झालं, म्हणून तुला जाऊ द्या म्हणाय येतंय."

 सरांनी भिंग घेऊन जुन्या वह्या पुन्हा पाहिल्या, बसलेले सगळे तास मांडले, आपली चूक स्वच्छ अक्षरांत कबूल केली आणि कागद विद्यापीठाकडे पाठवले. उत्तर आलं, की इतक्या जुन्या पदविकेवर प्रवेश देता येत नाही. तुरुंगाधिकाऱ्याच्या परीक्षेचं वय तर वैशालीनं कधीच ओलांडलं होतं.

या ग्रंथाच्या शेवटी, सरांच्या वर्गातून पुढे पदवीपर्यंत गेलेल्या विद्यार्थ्यांची यादी आहे. तिच्यात सरांनी एक ओळ घालायला लावली: 'वैशाली चौगुले. पात्र होती. माझ्या चुकीच्या नोंदीमुळे प्रवेश मिळाला नाही. गु. मठपती.' गौरवग्रंथात असलं काही बरं दिसत नाही, असं समितीनं समजावून पाहिलं. "मग ग्रंथ नको," सर म्हणाले. ओळ राहिली.

छपाईआधी ते पान घेऊन सर आणि मी जयसिंगपूरला गेलो. वैशाली तिथे एका कापड दुकानात कामाला आहे. तिनं सरांना स्टूल दिलं, पाणी दिलं, पान हातात घेऊन उभ्यानंच वाचलं.

"सर, ह्ये लिवून मला काय मिळालं?"

"काय न्हाई," सर म्हणाले. "पर खरं हाय ते."

तिनं पान घडी न घालता परत दिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. सर रिक्षाकडे निघाले, एकेक पाऊल जपून टाकत. मी मागे राहिले. 

गौरवलेख शुभेच्छांनी संपवायचा असतो. सरांचे गुडघे दुखायचे थांबोत, दावा त्यांच्या डोळ्यांदेखत निकाली निघो आणि त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही माझी मनापासूनची इच्छा. आणि हा निरोप वैशालीचा. कापडाचा तागा उलगडता उलगडता, माझ्याकडे न बघता तिनं तो दिला, तसाच लिहिते.

"लेख तू लिवणार न्हवं? मग माज्याकडनं पण लिव. शंभर वरीस जगा म्हणावं सरास्नी. मी अजून इसरल्याली न्हाई. मी इसरल्यावर जावा म्हणावं."