मेणातली ताई

दातांच्या लॅबमध्ये चेहरा कधी येत नाही. येतो तो जबडा. दवाखान्यात पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतात, लॅबवाले त्या मापात प्लास्टर ओततात, आणि एक पांढरा जबडा टेबलावर येऊन बसतो. तो कुणाचा हे विचारायचं नसतं. मेणमावशीचं उभं आयुष्य असे जबडे हाताळण्यात गेलं. गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यात दात बसवायचे, चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची मिळणी, सरळ करायचा, की काम पुढच्या टेबलावर. मेण तिच्या बोटांचं इतकं ऐकायचं, की लॅबमधल्या पोरींनी तिचं खरं नाव कधीच मोडीत काढलं होतं.

काम झालेले जबडे फोडून टाकायचे असतात. मावशी त्यातला एखादा घरी आणायची आणि खिडकीपाशी बसून त्याच्यावर मेण चढवायची. आधी ओठ, मग गाल, मग नाक. दात कळले की बाकीचा माणूस मागून चालत येतो, असं ती म्हणायची. कुणी येताना रागावलेला असायचा, कुणी दमलेली. चेहरा पुरा झाला की ती थोडा वेळ त्याच्यासमोर बसायची, आणि मग तो पातेल्यात वितळवून टाकायची. तेच मेण पुढच्याला. त्या एका गोळ्यात कोण कोण मुरलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिनं सांभाळलेली भाची लहानपणी त्या पातेल्याजवळून अंग चोरून जायची. "मावशी, आत सगळे एकत्र राहतात का गं? भांडत नाहीत?"

"भांडतात की. म्हणून तर झाकण ठेवते."

गल्लीच्या तोंडाशी फोटोंना चौकटी करून देणारा फ्रेमवाला होता. त्यानं एकदा खिडकीतून असा चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी गेलेल्या वडिलांची कवळी रुमालात गुंडाळून घेऊन आला. मावशीनं ना ना करत काम घेतलं. मेणातून म्हातारा आला तो हट्टी, ओठ घट्ट दाबलेला, जणू आत्ताच कुणाला तरी नाही म्हणून बसलाय. फ्रेमवाला पांढराफटक पडला. "हुबेहूब हो, मावशी!" आणि मग डोळे पुसत म्हणाला, "फक्त जरा हसरे करा ना. दुकानात दर्शनी भागात ठेवायचेत."

मावशीनं ओठांचे कोपरे उचलले. म्हातारा त्याच क्षणी निघून गेला. उरला तो कुणीतरी हसतमुख गृहस्थ. फ्रेमवाला खूश होऊन त्याला घेऊन गेला. तेव्हापासून दुकानावरून जाताना मावशी मान खाली घालायची. काचेमागून कुणीतरी विचारतंय असं तिला वाटायचं, मला कुठं घालवलंस?

त्यानंतर तिनं एकही काम घेतलं नाही. फ्रेमवाला मात्र पिच्छा सोडेना. "मावशी, लोक रांग लावतील. गेलेलं माणूस परत बघायला कुणाला नको असतं? लक्ष्मी दारात आलीय आणि तुम्ही तोंड धुवायला चाललात!"

"माझं तोंड धुतलेलंच आहे. तुमच्या वडिलांचं पुसलं गेलं."

"अहो, मग हे सगळं करता तरी कशासाठी? वितळवण्यासाठी?"

"हात तयार ठेवते," मावशी म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

कशासाठी तयार, ते कपाटात वरच्या खणात जुन्या शालीत गुंडाळून ठेवलेलं होतं. मोठ्या बहिणीचा, भाचीच्या आईचा, म्हणजे ताईचा जबडा.

मावशी हे काम शिकत होती तेव्हा सरावासाठी सगळ्यांनी घरच्या कुणाचं तरी माप आणायचं होतं. ताई शिवणकाम करायची. तिचे दात वेडेवाकडे, खालचा जबडा एका बाजूला सरकलेला. हसली की हात आपोआप तोंडावर. फोटो म्हटलं की पदर ओठांवर. तरी धाकट्या बहिणीसाठी तिनं आ केला. लगदा काढल्यावर चूळ भरून म्हणाली, "बघितलंस ना? आता कुणाला दाखवू नकोस."

भाची रांगायला लागायच्या आधीच ताई तापानं गेली. मागे राहिले ते पदर धरलेले फोटो. कपाळ, डोळे सगळं होतं. ओठांपासून खाली काहीच नाही. तेवढं फक्त प्लास्टरमध्ये होतं.

मावशीनं ताईचा चेहरा घडवायचा प्रयत्न किती वेळा केला! दरवेळी कुणीतरी परकीच बाई यायची. देखणी, नीटस, ताईचे डोळे उसने घेतलेली. मावशी तिला घाईघाईनं वितळवायची आणि मग कितीतरी दिवस अनोळखी जबड्यांवर बोटं चालवत राहायची. बाकी सगळे बोलावल्याबरोबर यायचे. ज्या एकीसाठी हा खटाटोप, तीच यायला तयार नव्हती.

आता भाचीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. बॅग भरता भरता ती सहज बोलल्यासारखं बोलली, "मावशी, आई हसायची कशी गं? तुला तरी आठवतं का?"

मावशीच्या डोळ्यांसमोर फक्त पदर येत होता. पदरामागे काय होतं, तेच तिला दिसेना. पोर गेली आणि आपणही विसरलो, तर ताई दुसऱ्यांदा जायची.

सुट्टीच्या दिवशी भाची बाहेर गेल्यावर तिनं शाल सोडली. वरचा आणि खालचा जबडा बिजागरीच्या लोखंडी चौकटीत बसवला. ते सरळ ठेवले की नेहमी डुगडुगायचे, म्हणून मध्ये मेणाची एक गोळी दाबायची तिची जुनी सवय. गोळी दाबली, चौकट खिडकीत ठेवली आणि ती चहा करायला आत गेली. बाहेर ऊन रणरणत होतं.

आतून तिनं आवाज ऐकला. टक्. दातावर दात बसल्याचा.

घरात दुसरं कुणी नव्हतं. कप तसाच ठेवून ती बाहेर आली. उन्हानं गोळी वितळून बाजूला ओघळली होती. चौकट बहुधा आज तिनं नीट आवळली नव्हती. एरवी तिच्या हातून असं होत नाही. खालचा जबडा डावीकडे सरकून वरच्यात घट्ट बसला होता. आता काही डुगडुगत नव्हतं. एका बाजूच्या दातांमधली बारीक खाच समोरासमोर आली होती. शिवताना ताई दातानं दोरा तोडायची, ती जागा.

मावशीनं त्या खाचेवर बोट ठेवलं. आजवर आपण ताईचा चावा सरळ करत होतो! लॅबमध्ये सगळ्यांचा करतो तसा. की लॅब हे निमित्तच होतं, आणि 'दाखवू नकोस' म्हणालेली ताई आपण स्वतःपासूनसुद्धा लपवत होतो?

तिनं पातेलं खिडकीजवळच्या छोट्या गॅसच्या शेगडीवर ठेवलं. हात भराभर चालू लागला. तिला तो थांबवताही येईना. वाकड्या चाव्यावर ओठ एका बाजूला ओढला गेला, त्याच बाजूचा गाल उचलला गेला, आणि डोळे करायच्या आधीच मावशीला कळलं, आपल्याकडे कुणीतरी बघतंय.

भाची आली तेव्हा मावशी अजून तशीच समोर बसली होती. भाचीनं चपला काढल्या नाहीत.

"फ्रेमवाल्या काकांना देणार?" तिनं शेवटी हळूच विचारलं.

"छे. कुणाला दाखवू नकोस म्हणाली होती ती."

"मग मला का दाखवलंस?"

"तू का कुणी परकी आहेस, वेडे?"

भाची जवळ येऊन खाली बसली. मेणाच्या ओठांकडे बघत तिनं स्वतःच्या गालाला हात लावला. "मावशी, तारा लावायच्या आधी माझे दात असेच होते ना?"

तारा मावशीनंच हट्टानं लावायला लावल्या होत्या. पोरीला हसताना तोंडावर हात न्यावा लागू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. "हो," ती म्हणाली. "असेच. ते मीच..."

भाचीनं मेणाच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. तिनं स्वतःचा खालचा जबडा अंदाजानं डावीकडे सरकवला. थोडा चुकला. पुन्हा सरकवला. ओठ एका बाजूला ओढला गेला, गाल उचलला गेला, आणि ती तशीच मावशीकडे वळली.

मावशी खुर्चीवरून उठून उभी राहिली, मोठी बहीण खोलीत आल्यावर धाकटी उठते तशी.

शेगडीवरचं पातेलं रिकामं होतं. होतं तेवढं सगळं मेण ताईला लागलं होतं. पुढच्या कुणासाठी गोळा हवा, तर हिलाच वितळवावं लागणार होतं. मावशीनं हात लांब करून शेगडी बंद केली.