पळसाच्या माणसाचा खाकी शर्ट

वहिनींना मी फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला माझीच दया यायची. भूतखेत, अंगात येणं यातलं मी काही मानत नव्हतो. धानोऱ्याच्या लाकूड डेपोत कारकून आहे, उमर जंगलात गेली, कधी काही दिसलं नाही. जे घडलं ते तर भर सकाळी, चारचौघांसमोर...

माझा थोरला भाऊ नामदेवदादा लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला, तो परतलाच नाही. 'बेपत्ता' एवढंच कळलं. वहिनी कुंकू लावत राहिल्या. आमच्यात बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. बारा वर्षं सरली तेव्हा माझ्या मुलीची सोयरीक आरमोरीला जुळत होती. मुलाचे वडील म्हणाले, तुमच्या घरचा माणूस ना जिता ना मेला. ते आधी उरका, मग तारीख धरू. मी वहिनींजवळ नुसता विषय काढला, तर त्या ताटावरून उठून गेल्या.

भटजी म्हणाले होते, पानांच्या माणसाला दादाच्या अंगावर घरून निघताना होते तसेच कपडे हवेत. दादा रजा संपवून निघाला तो फौजी कपड्यांत. ते नेमके कसे होते, हे वहिनींनाच ठाऊक. म्हणून मी थाप मारली — दादाचा एकही फोटो नाही, मी त्याच्यासारखा दिसतो, तसाच युनिफॉर्म घालून चांद्याला फोटो काढून आणतो, तुमच्या खोलीत लावू.

इतक्या वर्षांनी वहिनींनी माझी चेष्टा केली. "त्यायची छाती कुठून आणसान, भाऊजी? आतमंदी कापूस भरावा लागन."

चांद्याच्या बाजारात तेव्हा लढाईतला उरलेला फौजी माल मिळे. खरा खाकी शर्ट, हाफ पँट, पायाच्या पट्ट्या, कमरेचा पट्टा — सगळं आणलं. दादाचे खांदे उतरते होते, म्हणून वहिनींनी शिवण उसवून खांदे आत घेतले. खिशाचं बटण काढून काळ्या दोऱ्यानं लावलं, कारण दादानं घाईत तसंच लावलं होतं. तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. मग घडी माझ्या हातात दिली... आणि मी त्यांना चार दिवस माहेरी पाठवलं.

विधी कठाणी नदीच्या काठी होता. पौषातली थंडी. आदल्या आठवड्यात आणलेली पानं वाळून कुरकुरत होती. कपडे चढवून पळसाचा माणूस लाकडांवर ठेवला, तेवढ्यात वहिनी आल्या. माहेरी कुणीतरी विचारलं होतं — आज तुह्या घरी विधी, अन् तू इथी काऊन?

त्या रडल्या नाहीत. सरळ पुढे गेल्या, कॉलरच्या आत हात घातला आणि तसाच ठेवला.

"यायले घाम येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाले घाम येत नाई. पेटवू नका."

भटजी मला म्हणाले, तुम्ही हात लावून पाहा. ओला असेल तर मी विधी थांबवतो.

मी हात घातला. कॉलर मानेपाशी भिजलेली होती. आणि गरम... नांगर सोडून नुकत्याच बसलेल्या माणसाची असते तशी. दव असतं तर गार लागलं असतं.

समोर मुलीचे होणारे सासरे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "कोरडा हाये."

वहिनींनी हात काढून घेतला. "भाऊजी, तुमीबी? माह्याच हातानं शिवून घेतलं तुमी हे."

मी अग्नी दिला. मुलीचं लग्न झालं. वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय असं गाव म्हणू लागलं, आणि मी म्हणू दिलं. त्यांनी कुंकू पुसलं नाही, म्हणून बायांनी त्यांना सणावाराला बोलावणं सोडलं. माझ्याच मुलीच्या हळदीला त्या आल्या नाहीत, बोलावलंच नव्हतं. माझ्याशी तर त्या बोलतच नव्हत्या.

दादा आजवर आलेला नाही. तो घाम कुणाचा, कुठून आला, मला सांगता येत नाही. हाताला लागलेला तो ओलावा खरा होता, एवढंच सांगतो.

यंदा नातवाचं बारसं आमच्याकडे झालं. व्याही होते, भटजी होते, त्या दिवशी नदीवर असलेले बहुतेक सगळे होते. वहिनी आता घरामागच्या खोपटात एकट्या राहतात, तिथं जाऊन मी त्यांना हात जोडले, म्हटलं, एकदाच चला. कशासाठी ते सांगितलं नाही, सांगायला धीर झाला नाही. त्या आल्या, दारातच उभ्या राहिल्या. मांडवातल्या बाया कुजबुजल्या.

मी उभा राहिलो. "त्या दिवशी शर्ट ओला होता," म्हणालो. "गरमबी होता. वहिनी खरं बोलत होत्या. मले पोरीचं लगन पाह्यजे होतं, म्हणून मी कोरडा म्हणलो. वेड यायले नाई लागलं, मीच खोटा." मग त्यांच्याकडे वळलो. "वहिनी, फोटोचं सांगून मी तुमाले फसवलं. दादालेबी फसवलं. मले माफ करा."